ग्वाल्हेरच्या शिलालेखातून घेतलेली एक आठ अंकी संख्या: कागद-पेन्सिलीने ती पूर्ण कशी उलगडायची

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडून चढून जाताना वाटेत एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. त्यातल्या शिलालेखावर संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ ची नोंद आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद होती आणि त्या बागेतून रोज ५० हार यायचे, अशी ती नोंद. २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल आहे. भारतातल्या शून्याच्या सर्वांत जुन्या कोरीव नोंदींमध्ये ही मोजली जाते.

लोक तिथे शून्य बघायला जातात, आणि जावंच. पण त्या तीन संख्या घरी आणून त्यांच्यावर काम करता येतं, हे फार कमी जणांना सुचतं. मी त्या शेजारी शेजारी मांडल्या: २७०, १८७, ५०. झाली २,७०,१८,७५०. दगडावर ही संख्या सलग नाही. ती जोडणी माझी. पण आठ अंकी संख्या हाताने संपूर्ण उलगडून दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागांतल्या मराठी घरांतली जी मुलं आठवी-नववीत गणित ऑलिंपियाडची तयारी करतात, त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हा लेख वही उघडून वाचावा. कॅल्क्युलेटर बारा अंकी असला तर बरा, पण तो पडताळ्यासाठीच ठेवा.

आधी पानावर उभी रेघ मारा

डाव्या रकान्यात संख्येचे गुण लिहायचे, उजव्या रकान्यात तिच्या लिखाणाचे गुण. मूळ अवयव, विभाजक, वर्गांच्या बेरजेत बसणं-न बसणं हे डावीकडे. अंकांची बेरीज, उलटसुलट अंक, शेवटी किती शून्यं आली हे उजवीकडे. संख्या दशमान पद्धतीऐवजी फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर आठ अंकांचे पंचवीस अंक होतात, उजवा रकाना सगळा बदलतो आणि डाव्यातलं एक अक्षरही हलत नाही. मुलांचा बहुतेक गोंधळ या दोन गोष्टी मिसळल्यामुळे होतो. रेघ मारलेली असली की तो होत नाही.

पहिली पायरी: बाहेरून चाचपणी

भागाकाराला लगेच हात घालू नका. संख्येकडे आधी नुसतं बघा.

शेवटी ५० आहे. म्हणजे २ ने भाग जातो, पण ४ ने नाही, कारण ५० ला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते. ही 'बाकी २' वहीत लिहून ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे. शेवटचे तीन अंक ७५०, त्याला १२५ ने भाग जातो. म्हणजे ५ निदान तीनदा आहे. अंकांची बेरीज २+७+०+१+८+७+५+० = ३०, तेव्हा ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

आता ७, ११ आणि १३ एकदमच तपासू. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचं. गट पडतात २७, ०१८, ७५०. ७५० − १८ + २७ = ७५९. या ७५९ ला ७ ने भागल्यास बाकी ३, १३ ने भागल्यास बाकी ५, आणि ११ ने नि:शेष भाग जातो. एका वजाबाकीत तीन निकाल लागले. तेच गट नुसते मिळवले तर ७९५; ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ही बेरीज ३७ बद्दल सांगते. ७९५ ला ३७ ने भागल्यावर बाकी १८, म्हणजे ३७ बाद. शाळेत ११ ची कसोटी शिकवतात आणि तिथेच थांबतात. गटांची ही पद्धत त्याच कल्पनेची पुढची पायरी आहे आणि मोठ्या संख्येसाठी कितीतरी जास्त उपयोगी, त्यामुळे ती मुलांच्या हातात लवकर द्यावी असं मला वाटतं.

११ ने भाग कुठून आला, हेही बघण्यासारखं आहे. १८७ हे ११ × १७ आहे, पण २७० आणि ५० मध्ये ११ नाही. मात्र दोघांनाही ११ ने भागलं की बाकी ६ च उरते. आपल्या संख्येत २७० पुढे पाच स्थानं सरकलेले आहेत, आणि १०^५ (म्हणजे १० चा पाचवा घात) ला ११ ने भागल्यावर बाकी १० येते; १० = ११ − १, म्हणून ती −१ धरता येते. त्यामुळे एकीकडून −६ आले, दुसरीकडून +६, आणि दोन्ही कटले.

दुसरी पायरी: मूळ अवयव

आता काढायला सुरुवात करू.

२७०१८७५० ÷ १० = २७०१८७५
२७०१८७५ ÷ ५ = ५४०३७५
५४०३७५ ÷ ५ = १०८०७५
१०८०७५ ÷ ५ = २१६१५
२१६१५ ÷ ५ = ४३२३
४३२३ ÷ ३ = १४४१
१४४१ ÷ ११ = १३१

म्हणजे २७०१८७५० = २ × ३ × ५^५ × ११ × १३१.

इथे एका गोष्टीवर थांबलंच पाहिजे. संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्या संख्येचं वर्गमूळ ५१९७ आणि ५१९८ यांच्यामध्ये येतं. ५००० पर्यंतच मूळ संख्या ६६९ आहेत! हे ऐकून मुलं पेन्सिल खाली ठेवतात. पण प्रत्येक अवयव निघाला की हद्द नव्याने मोजायची असते. १४४१ उरले तेव्हा हद्द ३७ वर आली, १३१ उरले तेव्हा ११ वर. १३१ ला २, ३, ५, ७, ११ यांपैकी कशानेही भाग जात नाही, तेव्हा ते मूळ. काम संपलं. शेकडो भागाकारांची भीती खरी असते ती फक्त लहान अवयव नसलेल्या संख्येच्या बाबतीत.

१३१ ची दुसरी परीक्षा

१३१ इतकं लहान आहे की वरची तपासणी पुरेशी आहे. तरीही फर्माची कसोटी याच संख्येवर शिकून घ्यावी, कारण मोठ्या संख्यांना तीच दिशा लागते. नियम असा: प ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर २ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. २^१३० प्रत्यक्ष काढायचं नाही. फक्त बाक्यांचे वर्ग करत जायचं.

२^७ = १२८, बाकी −३
२^१४, बाकी ९
२^२८, बाकी ८१
२^५६: ८१ × ८१ = ६५६१, बाकी ११
२^११२: १२१, म्हणजे बाकी −१०
२^१२६ = २^११२ × २^१४, बाकी −९०
२^१३० = २^१२६ × १६, बाकी −१४४०

आणि १४४१ = ११ × १३१ हे आपण आत्ताच पाहिलं. तेव्हा −१४४० म्हणजेच १. कसोटी उतरली.

ही कसोटी नापास झाली तर संख्या संयुक्त आहे हे नक्की. पास झाली तर मात्र मूळ असल्याची खात्री नाही. ३४१ घ्या. ते ११ × ३१ आहे, पण २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, त्यामुळे २^३४० ची बाकीही १ च येते. म्हणून २ च्या जागी ३, ५, ७ घेऊनही तपासतात, आणि २९३४१ सारख्या काही संख्या तिथेही फसवतात, तेव्हा आणखी कडक कसोट्या लागतात. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट, अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताइतक्याच वेळात, ठरवण्याची रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ग्वाल्हेरहून कानपूर काही फार दूर नाही. मुलांना हे आवर्जून सांगा.

तिसरी पायरी: विभाजक मोजा, यादी करू नका

प्रत्येक विभाजक म्हणजे त्या मूळ अवयवांतून केलेली एक निवड. २ घ्यायचा किंवा नाही: दोन पर्याय. ३, ११, १३१ यांचंही तसंच. ५ मात्र शून्यापासून पाचदा घेता येतो: सहा पर्याय. एकूण २ × २ × ६ × २ × २ = ९६ विभाजक. त्यांतले ४८ विषम, ४८ सम. पूर्ण वर्ग असलेले तीनच: १, २५, ६२५.

९६ विभाजकांच्या ४८ जोड्या होतात. म्हणजे इतक्या चौरस हातांची बाग पूर्ण हातांच्या बाजू ठेवून ४८ प्रकारे आखता येईल. त्यातली चौरसाच्या सर्वांत जवळची कोणती? ४३२३ × ६२५०. एकीकडे ३, ११ आणि १३१ गेले, दुसरीकडे २ आणि सगळे ५. ही जोडी शोधायला लावणं हा मुलांसाठी चांगला अर्ध्या तासाचा व्यायाम आहे.

विभाजकांची बेरीज काढायलाही यादी लागत नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी कंस करायचा:

(१ + २) × (१ + ३) × (१ + ५ + २५ + १२५ + ६२५ + ३१२५) × (१ + ११) × (१ + १३१)
= ३ × ४ × ३९०६ × १२ × १३२
= ७,४२,४५,२४८

यातून खुद्द संख्या वजा केली की ४,७२,२६,४९८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. हे बेरीज न करताही सांगता आलं असतं: ६ ही परिपूर्ण संख्या आहे (स्वतः सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज १ + २ + ३ = ६) आणि ६ च्या पुढची तिची प्रत्येक पट विपुलच असते.

पडताळा घ्याच. ३९०६ ची अंकबेरीज १८, म्हणून गुणाकाराला ९ ने भाग जायला हवा. उत्तराची अंकबेरीज ३६ आहे. १३२ मध्ये ११ आहे; उत्तराचे अंक उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केले तर ८−४+२−५+४−२+४−७ = ०. नऊ आणि अकरा, दोन्ही ताळे जुळले की हाताने केलेल्या गुणाकारावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिलालेखातलं नुसतं २७० सुद्धा या बाबतीत विशेष आहे. त्याचे विभाजक १६, त्यांची बेरीज ७२०. २७० × १६ ÷ ७२० = ६, पूर्ण संख्या. विभाजकांचं हरात्मक मध्य असं नेमकं पूर्ण यावं अशा संख्या फार विरळ असतात: १, ६, २८, १४० आणि मग थेट २७०.

चौथी पायरी: सहमूळ संख्या किती

१ पासून २७०१८७५० पर्यंतच्या किती संख्यांचा आपल्या संख्येशी १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही? एकेका मूळ अवयवाच्या पटी गाळत जायचं.

२ च्या पटी गेल्या, निम्मे उरले: १३५०९३७५
त्यांचे दोन तृतीयांश: ९००६२५०
त्यांचे चार पंचमांश: ७२०५०००
त्यांचे दहा अकरांश: ६५५००००
त्यांचे १३०/१३१: ६५०००००

बरोबर पासष्ट लाख. इतकं स्वच्छ उत्तर फार क्वचित मिळतं. ऑयलरचं फलन म्हणतात ते हेच.

पाचवी पायरी: १ ला या संख्येने भागलं तर

दशांश अपूर्णांकाचं वागणं दोन भागांत ठरतं. २ आणि ५ यांच्या घातांपैकी मोठा घात ५ आहे, म्हणून दशांश चिन्हानंतरचे पहिले पाच अंक आवर्तनाबाहेर. उरलेल्या ३ × ११ × १३१ वरून आवर्तनाची लांबी निघते. ३ साठी ती १, ११ साठी २. १३१ साठी ती म्हणजे १० चा बाकी १ देणारा सर्वांत लहान घात, आणि तो १३० चा कुठलातरी विभाजक असणार. १३० हून लहान प्रत्येक विभाजक १०, २६ किंवा ६५ यांपैकी एकाला तरी नि:शेष भागतो, म्हणून हे तीनच घात तपासले की पुरे. १० च्या दहाव्या घाताची बाकी ११३, सव्विसाव्याची ५८, पासष्टाव्याची १३०. कुठेही १ नाही, म्हणून लांबी पूर्ण १३०. या तिन्हींचा लसावि १३०. तेव्हा पाच अंक सोडल्यावर १३० अंकांचं आवर्तन पुन:पुन्हा येत राहतं. हे साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दिसणार नाही, पण वहीत सिद्ध होतं.

सहावी पायरी: वर्गांची बेरीज आणि वजाबाकी

दोन वर्गांच्या बेरजेत ही संख्या बसत नाही. कारण सोपं आहे. कोणत्याही वर्गाला ३ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च येते. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या ० हव्यात, म्हणजे दोन्ही वर्गांना ९ ने भाग जाणार आणि बेरजेलाही. पण आपल्या संख्येला ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

दोन वर्गांच्या वजाबाकीतही नाही. वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १, त्यांच्या फरकाची बाकी २ कधीच येत नाही. सुरुवातीला लिहून ठेवलेली 'बाकी २' ती इथे लागली. तीन वर्गांच्या बेरजेत मात्र बसते: त्याला अडसर फक्त ८क + ७ या रूपाच्या संख्यांचा आणि त्यांच्या ४, १६, ६४... पटींचा असतो. आपली संख्या ४ च्या पटीतच नाही, इथेही तीच 'बाकी २', आणि तिला ८ ने भागल्यावर बाकी ६ उरते.

वर्गांच्या फरकावरून अवयव पाडण्याची रीत नारायण पंडितांनी १३५६ मध्ये दिली आहे. युरोपात ती तीन शतकांनी फर्माच्या नावाने आली. शिलालेखातल्या १८७ वर ती लावून बघा. १८७ च्या लगेच पुढचा वर्ग १९६, म्हणजे १४ चा. १९६ − १८७ = ९, हा ३ चा वर्ग. म्हणून १८७ = (१४ − ३)(१४ + ३) = ११ × १७. एका वजाबाकीत! हीच रीत १४४१ वर लावली तर ३८ पासून सुरू करून ७१ वर उत्तर मिळतं: ७१ चा वर्ग ५०४१, त्यातून १४४१ गेले की ३६००, ६० चा वर्ग. चौतीस प्रयत्न. अवयव एकमेकांच्या जवळ असले तर ही रीत लावा, लांब असले तर साधा भागाकार बरा.

सलग संख्यांच्या बेरजेतही आपली संख्या मांडता येते, आणि किती प्रकारे हे विषम विभाजक सांगतात: ४८, त्यात एकटी संख्याही धरलेली. उदाहरणार्थ ९००६२४९ + ९००६२५० + ९००६२५१.

आता उजवा रकाना

इथे वाट दाखवायला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आहेत. अंकबेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद संख्या हे नाव दिलं. आपली अंकबेरीज ३०, आणि २७०१८७५० ÷ ३० = ९००६२५. आपली संख्या हर्षद आहे. ० आणि १ च्या लिखाणात तिच्यात पंधरा १ येतात, आणि १५ नेही भाग जातो. पण तो वेगळा गुण, वेगळ्या तपासणीने मिळालेला. एका लिखाणातला निकाल दुसऱ्यात गृहीत धरायचा नाही.

कापरेकरांचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे: ही संख्या एखाद्या संख्येत तिची अंकबेरीज मिळवून तयार होते का? होत नसेल तर ती स्वयंभू; अशा संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. अंदाधुंद शोधू नका. संख्या आणि तिची अंकबेरीज यांना ९ ने भागल्यावर एकच बाकी येते. आपल्या संख्येची बाकी ३, म्हणून जनक संख्येच्या बाकीची दुप्पट ३ (किंवा १२) व्हायला हवी. ती बाकी ६. त्यामुळे जनकाची अंकबेरीज ६, १५, २४, ३३, ४२, ५१, ६० किंवा ६९ यांपैकीच एक. प्रत्येक वजा करून पाहा. ३३ वजा केले की २७०१८७१७, आणि त्याची अंकबेरीज खरोखर ३३. बाकी सात जुळत नाहीत. म्हणजे संख्या स्वयंभू नाही, आणि जनक एकच आहे.

यंत्र कुठे वापरायचं

उत्तर हातात आल्यावर. लिनक्सच्या टर्मिनलवर फॅक्टर ही आज्ञा देऊन पुढे संख्या लिहिली की अवयव लगेच येतात. एक्सेलवर मात्र पंधरा अंकांपलीकडे भिस्त ठेवू नका. पुढचे अंक तो शून्य करून टाकतो आणि सगळ्या बाक्या चुकतात. संख्या दोनशे-अडीचशे अंकी असेल आणि तिचे दोनच प्रचंड मूळ अवयव असतील, तर यंत्रंही थकतात. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, ती अनेक संगणक एकत्र लावून.

सरावासाठी: ४७४००१

ग्वाल्हेरचा पिन कोड घ्या. उजवीकडून आळीपाळीने १ − ० + ० − ४ + ७ − ४ = ०, म्हणून ११ ने भाग जातो; उरतात ४३०९१. हद्द २०७, पण ४१ लाच अवयव सापडतो आणि १०५१ उरतात. नवी हद्द ३२, तिथपर्यंत कशानेच भाग जात नाही. तेव्हा ४७४००१ = ११ × ४१ × १०५१. विभाजक आठ, त्यांची बेरीज ५,३०,२०८. संख्येच्या दुपटीपेक्षा कमी, म्हणून ही न्यून. सहमूळ संख्या १० × ४० × १०५० = ४,२०,०००. अंकबेरीज १६ आणि संख्या विषम, त्यामुळे हर्षद नाही. विषम असल्यामुळेच ती दोन वर्गांचा फरक मात्र आहे, चार वेगवेगळ्या प्रकारे. ११ × ४१ = ४५१ ही १०५१ ची जोडीदार; दोघांची निम्मी बेरीज ७५१, निम्मा फरक ३००. ७५१ चा वर्ग ५,६४,००१, त्यातून ९०,००० वजा केले की ४,७४,००१. उरलेले तीन प्रकार तुम्ही काढा.